मधूनच उगवणारं आजारपण आणि नोकरीचे निर्णय: चांगले दिवस धरायचे की वाईट?

तळ्यात_मळ्यात | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मला अर्धशिशी आहे. "डोकं दुखतं" म्हटलं की समोरचा लगेच स्वतःच्या डोक्याबद्दल बोलायला लागतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. एक झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतो. उजेड नको, आवाज नको, उलट्या. ऑफिसात माझ्या खणात एक काळा चष्मा, गोळ्यांची पट्टी आणि घडी केलेल्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या कायम असतात. पिशव्या कशासाठी ते सांगायला नकोच.

पण हे रोजचं नाही. चार-चार महिने फिरकत नाही. येते तेव्हा मात्र बाडबिस्तरा घेऊन येते आणि सहा-सात आठवडे मुक्काम ठोकते. सध्या पाच महिने मी ठणठणीत आहे. साहेबांनाही तशीच दिसते, म्हणून त्यांनी टीम लीडची जागा देऊ केली आहे. हाताखाली नऊ माणसं, पगारात चांगली वाढ, आणि एक असं प्रोजेक्ट जे मला तीन वर्षांपासून हवं होतं. उत्तर पुढच्या सोमवारी द्यायचंय.

आज विचाराल तर हो म्हणेन. गेल्या वर्षी याच सुमारास विचारलं असतंत तर मी राजीनामा लिहीत होते. दोन्ही वेळी मीच. मग निर्णय नक्की कुणी घ्यायचा? बऱ्या असलेल्या मी, की अंधारात पडलेल्या मी?

घड्याळजी | सोमवार, रात्री १०:५२

पहिला मीच! घ्या हो बिनधास्त. टीम लीड झालात की डोकेदुखी नऊ जणांत वाटता येते.

रुमाल | सोमवार, रात्री ११:०५

नावाप्रमाणे रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर उद्या.

खडूफळा | सोमवार, रात्री ११:३१

ताई, मीही त्याच गोत्रातली, फक्त माझ्या अर्धशिशीला आधी रोषणाई असते. पंधरा वर्षं गणित शिकवलं. एकदा फळ्यावर 'समीकरण' लिहीत होते. 'समी' लिहिलं आणि पुढची अक्षरं दिसेनात. आधी वाटलं खडू तुटला. मग नजरेच्या उजव्या कडेला ती दातेरी, चमचमणारी रेघ वळवळायला लागली. ती दिसली की मला साधारण वीस मिनिटं मिळतात, त्यानंतर डोकं सुरू. समोर बेचाळीस मुलं. "उरलेलं समीकरण तुम्ही पूर्ण करा" असं सांगून मी भिंतीला धरून उभी राहिले. मुलांना वाटलं ही काहीतरी नवी शिकवण्याची पद्धत आहे.

मी वर्ग सोडला, नोकरी नाही सोडली. त्याच संस्थेत प्रश्नपत्रिका आणि स्वाध्याय तयार करायच्या कामात गेले. मान थोडा कमी झाला, पगार तेवढाच राहिला. आज डोकं उठलं तर स्वाध्याय परवा होतो. आठचा तास मात्र आठलाच असतो.

खोटं कशाला बोलू, खडूची आठवण येते.

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी ७:१५

खडूफळा यांनी आठच्या तासाबद्दल जे लिहिलंय तोच खरा मुद्दा आहे असं मला वाटतं. मला मोठ्या आतड्याचा आजार आहे, अल्सरेटिव्ह कोलायटिस. उसळला की दिवसातून बारा-पंधरा वेळा उठावं लागतं, शांत असला की आठ-नऊ महिने विसरायला होतं. कुठल्याही नव्या इमारतीत शिरलो की लोक लिफ्ट शोधतात, मी दुसरंच काही शोधतो.

सुरुवातीला मी नोकऱ्या 'काम किती' यावर तोलायचो. हलकं काम शोधायचो. एक मिळालंही, दिवसाचे जेमतेम चार तास, पण ते चार तास खिडकीवर बसायचं आणि समोर रांग. तिथे मी तीन महिन्यांत हरलो. आता आहे ती नोकरी मेहनतीला दुप्पट आहे. पण महिनाअखेरचे चार दिवस सोडले तर काम मंगळवारी झालं काय नि गुरुवारी झालं काय, कुणाचं अडत नाही.

तेव्हा ताई, काम जड की हलकं हा प्रश्न मागे ठेवा. तुमच्यावाचून ते काम दोन दिवस थांबू शकतं का, आणि थांबलं तर ओरडा कुणाला बसतो, हे आधी बघा. टीम लीडचं यातलं कुठलं काम थांबतं आणि कुठलं नाही, याची यादी तुमच्या साहेबांकडून घ्या. स्वतः अंदाजाने करू नका.

गोगलगाय | मंगळवार, सकाळी ९:४०

हिशेबनीस यांना +१००.

माझं मणक्याचं दुखणं, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. याची गंमत अशी की विश्रांती घेतली की वाढतं आणि हललं की कमी होतं. सकाळी तासभर मोजे घालणं हा गिर्यारोहणाचा प्रकार असतो. आणि सगळं जग मला सांगतं, "बस जरा, आराम कर." जुन्या ऑफिसात माझ्यावर दया येऊन मला बैठं काम दिलं. चांगुलपणाने दिलं हो, पण सहा महिन्यांत वाट लागली. आता गोदामात फिरतीचं काम आहे, फक्त सुरुवात दहाला करायची मुभा मागून घेतली. म्हणजे 'सोयीचं काम' कुठलं हे आजारागणिक बदलतं. दुसऱ्याच्या आजाराचा सल्ला आपल्याला लावू नये, आणि हा माझाही एक सल्लाच झाला.

उंबरठा | मंगळवार, दुपारी १:२०

दगड खायची तयारी ठेवून लिहितो.

मी पलीकडच्या बाजूला आहे. चौदा माणसांची टीम सांभाळतो. त्यातल्या एकाला असाच येऊनजाऊन असणारा आजार होता. मला सहानुभूती होती, अजून आहे. पण तो नसायचा तेव्हा त्याचं काम दोन ठराविक माणसांवर पडायचं, कारण त्यांना 'नाही' म्हणता येत नव्हतं. त्या दोघांतली एक वर्षभरात सोडून गेली. जाताना म्हणाली, "त्याच्या रजेची कारणं सगळ्यांना माहीत आहेत, माझ्या थकव्याची कुणालाच नाहीत."

तेव्हा धागाकर्तीने हाही विचार करावा. टीम लीड सहा आठवडे अर्धवट असेल तर नऊ जणांचं काय? मी म्हणेन, नाही म्हणा. पुढे-मागे दुसरं काही बघा.

गोगलगाय | मंगळवार, दुपारी १:३४

म्हणजे आजारी माणसाने आयुष्यभर पायरीवरच बसायचं? त्या बाई सोडून गेल्या कारण तुम्ही काम नीट वाटलं नाहीत. पलीकडच्या बाजूचं काम तेच असतं ना?

घड्याळजी | मंगळवार, दुपारी १:३६

उंबरठा उंबरठ्याला अडखळले.

उंबरठा | मंगळवार, दुपारी २:१०

गोगलगाय, लागलं, पण बरोबर आहे. थोडं मान्य. पूर्ण नाही.

दोन_ध्रुव | मंगळवार, रात्री ११:५५

'निर्णय कुणी घ्यायचा' या प्रश्नावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्यासाठी तो शब्दशः खरा आहे. मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी उन्मादाच्या टोकाला, कधी नैराश्याच्या.

माझ्या आयुष्यातला नोकरीचा सर्वात धाडसी निर्णय मी पहाटे साडेतीनला घेतला. सलग चार रात्री तीन-तीन तास झोप, डोकं असं धावत होतं की इतर सगळे लोक हळू बोलतायत असं वाटायचं. राजीनाम्याची मेल अकराशे शब्दांची होती. कंपनीने काय काय चुका केल्या, मी आता काय उभारणार आहे, सगळं. कॉपीमध्ये एकवीस जण. दहा दिवसांनी खाली आलो तेव्हा ती मेल वाचायची हिंमत व्हायला दोन महिने लागले.

म्हणून 'बरी असताना निर्णय घे' हा सल्ला ऐकला की मी सावध होतो. बरं वाटणं आणि बरं असणं यात माझ्या बाबतीत दरी आहे. आता घरात ठरलेला नियम आहे: नोकरीसंबंधी कुठलीही मेल आधी बहिणीला दाखवायची, आणि पाठवण्यापूर्वी लागोपाठ तीन रात्री सात तास झोप झालेली हवी. दोनदा तिने मेल अडवली. एकदा मी तिच्यावर भयंकर चिडलो होतो, म्हणजे नियम चालतोय.

बाकी दोन गोष्टी मी नोकरी निवडताना ताडून बघतो. रात्रपाळी नाही म्हणजे नाही, माझ्यात झोप मोडली की उन्माद ठरलेला. आणि मी लिथियमवर आहे. जॉन केड यांनी १९४९ साली ज्याचा गुण दाखवला तेच जुनं औषध. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातली त्याची पातळी चढते, त्यामुळे उन्हातान्हात घाम गाळायची फिरतीची नोकरी हातात आली होती ती पगार बघूनही सोडली. हे मला एचआरच्या कुठल्याच बाईंना समजावून सांगावंसं वाटलं नाही. "फिरती जमणार नाही" एवढंच.

तळ्यात_मळ्यात | बुधवार, सकाळी ८:०२

दोन_ध्रुव, धन्यवाद. "बरं वाटणं आणि बरं असणं" हे वाचून थबकले. पाच महिन्यांत डोकं दुखलं नाही म्हणून मला मी अजिंक्य वाटतेय, हेही तसंच काहीसं असेल का?

आणि एक विचारायचंय. सांगायचं का ऑफिसात? साहेबांना फक्त "मायग्रेनचा त्रास आहे" इतपत माहीत आहे.

घड्याळजी | बुधवार, सकाळी ८:१०

मुळीच नाही. एकदा सांगितलं की पुढच्या प्रत्येक चुकीचं कारण तेच ठरतं. मला मधुमेह आहे हे कळल्यापासून मी रागावलो तरी लोक विचारतात, "साखर तपासली का?" अहो, मी तुमच्यावर रागावलोय, साखरेवर नाही.

पाऊलखुणा | बुधवार, सकाळी १०:४८

मी सांगितलं, आणि सांगून सुटले. पण कसं आणि कधी, याला महत्त्व आहे.

मला एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणाचा आजार. सुरुवातीला सुमारे ८५ टक्के लोकांत तो असाच येतो-जातो, माझ्यातही तसाच. नवा झटका म्हणायचा तर लक्षणं किमान चोवीस तास टिकावी लागतात. पण त्याखेरीज एक छळ आहे: अंग तापलं की जुनी लक्षणं तात्पुरती वर येतात. याला उथॉफची घटना म्हणतात, १८९० साली विल्हेल्म उथॉफ यांनी नोंदवली होती. माझी खुर्ची पश्चिमेच्या काचेला लागून होती. चार वाजता उन्हाचा पट्टा टेबलावर चढायचा आणि साडेचारला मला स्क्रीनवरची अक्षरं धूसर व्हायची. पाच महिने मी रोज साडेचारला 'जागरण झालंय' असं सांगत होते. इतकं जागरण करणाऱ्या बाईबद्दल लोक काय समजत असतील, देव जाणे.

शेवटी मॅनेजरना सांगितलं. आजारापासून सुरुवात नाही केली, खुर्चीपासून केली. "मला जागा बदलून हवी, उष्णतेने डोळ्यांवर परिणाम होतो, वैद्यकीय कारण आहे, पत्र देऊ शकते." जागा दुसऱ्या दिवशी बदलली. नाव सहा महिन्यांनी सांगितलं, तेही मला वाटलं तेव्हा.

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या करारात याला 'वाजवी सोय' म्हटलंय, आणि ती नाकारणं हा भेदभावच धरलाय. अडचण एवढीच की आपल्यासारखी मधूनच आजारी पडणारी माणसं कुठे बसतात हे प्रत्येक देशाचा कायदा स्पष्ट सांगत नाही. अमेरिकेने आपल्या अपंगत्वाच्या कायद्यातल्या २००८ च्या दुरुस्तीत स्वच्छ लिहून टाकलं की येऊनजाऊन असणारा किंवा सध्या शांत असलेला आजारही, उसळल्यावर जर मोठी अडचण करत असेल, तर अपंगत्वात धरायचा. आपापल्या ठिकाणचा नियम आधी वाचा, मग तोंड उघडा.

खडूफळा | बुधवार, सकाळी ११:१५

"दिसत तर छान आहेस" हे वाक्य किती जणांनी ऐकलंय? हात वर करा.

गोगलगाय | बुधवार, सकाळी ११:१६

हात वर होत नाही, सकाळ आहे अजून.

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ११:२०

मला "वजन कसं कमी केलंस, मलाही सांग" असं विचारलंय. आजार उसळलेला असताना.

पाऊलखुणा | बुधवार, सकाळी ११:२७

माझ्या सासूबाई अजून म्हणतात, "काल तर चांगली चालत होतीस." हो, काल चालत होते. तोच तर आजार आहे.

मुक्तछंद | बुधवार, दुपारी ४:३०

कुणी 'नोकरी सोड, स्वतःचं काम कर' म्हणायच्या आत लिहितो. मी केलं. अपस्मार आहे, वर्षातून दोन-तीन फिट्स. वाटलं, आपणच मालक, फिट आली तर दोन दिवस झोपू. झोपलोही. पण नोकरीत ते दोन दिवस आजारपणाच्या रजेत जायचे, इथे माझ्या खिशातून जातात. शिवाय ग्राहकाला मुदत दिलेली असते ती असतेच, मग ती गाठायला जागरण, आणि जागरणाने पुन्हा फिटची धास्ती. अडीच वर्षांनी परत नोकरी धरली. ज्यांना जमतं त्यांना दंडवत, पण निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय उडी मारू नका.

सलाईन | बुधवार, रात्री ९:१२

पेशाने डॉक्टर आहे, पण धाग्यावरचा डॉक्टर हा तुमचा डॉक्टर नसतो, हे आधीच सांगतो.

तळ्यात_मळ्यात, तुम्ही ज्या सहा-सात आठवड्यांच्या मुक्कामाबद्दल लिहिलंत, त्यात ऑफिस गाठायचं म्हणून गोळ्या किती घेता? ट्रिप्टान गटातली, म्हणजे अर्धशिशीचा झटका मोडणारी गोळी महिन्यातून १० किंवा जास्त दिवस, साधी वेदनाशामक १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर गोळीच डोकेदुखीला कारण होऊ शकते. हजेरी न चुकवण्याच्या नादात लोक या चक्रात अडकतात. महिन्यातून चारेक वेळा किंवा जास्त त्रास होत असेल तर रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधांबद्दल विचारून बघा. २०१८ पासून खास अर्धशिशीसाठी बनवलेली इंजेक्शनंही आली आहेत. नोकरीचा निर्णय आजच्या आजारावर घेताना, तो आजार पूर्ण उपचार घेतलेला आहे की अर्धवट, हे एकदा तपासा.

आणि नोंदी ठेवता का? आठवणीवर जाऊ नका. माणूस बरा असला की त्रास विसरतो आणि आजारी असला की चांगले दिवस.

तळ्यात_मळ्यात | शुक्रवार, रात्री १०:२०

सलाईन यांच्या प्रतिसादाने दोन रात्री खाल्ल्या.

नोंदी नाहीत. कधीच ठेवल्या नाहीत. पण मग एक सुचलं. झटका आला की मी नवऱ्याला एकच शब्द पाठवते: "अंधार". म्हणजे त्याने घरी येताना बेल वाजवायची नाही, दिवा लावायचा नाही. काल त्याच्याबरोबरच्या गप्पांमध्ये तो शब्द शोधला. सतरा महिन्यांत बावन्न वेळा.

मला विचारलं असतंत तर मी वीस-पंचवीस म्हणाले असते.

बावन्नपैकी एक्केचाळीस तीन गठ्ठ्यांमध्ये आहेत. जरा वर-खाली सरकवून त्या दिवसांतले बाकीचे मेसेजही वाचले. तीनपैकी दोन गठ्ठ्यांच्या आसपास "आज पुन्हा कॉल, तू जेवून झोप" असे माझेच मेसेज. दोन्ही वेळा मी परदेशातल्या टीमबरोबर रात्री साडेबारापर्यंत कॉलवर होते. तिसऱ्या गठ्ठ्याचं काही सापडलं नाही, तो उगाचच आला असावा. आणि त्यातल्या एका महिन्यात मी तेरा दिवस ट्रिप्टान घेतली होती, औषधाच्या दुकानाच्या पावत्यांवरून काढलं. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, गुरुवारची.

हिशेबनीस काकांनी सांगितलेली यादी साहेबांकडून आणली. (काका म्हटलं तर चालेल ना?) सोळा कामं. त्यातली अकरा एक-दोन दिवस थांबतात. तीन थांबत नाहीत, पण दुसरं कुणी करू शकतं. उरलेली दोन म्हणजे आठवड्यातून तीनदा रात्रीचे कॉल आणि सोमवारची वरिष्ठांसमोरची बैठक.

हिशेबनीस | शुक्रवार, रात्री १०:४१

काका चालेल. आजोबा नको.

सोळात दोन! आणि त्यातलं एक तर तुमच्या अर्धशिशीला घरी बोलावणारंच. आता 'हो की नाही' राहिलंच नाही, त्या दोन कामांवर वाटाघाटी करा.

दोन_ध्रुव | शुक्रवार, रात्री १०:५८

दोन गठ्ठ्यांवरून नियम काढू नका मात्र. कदाचित योगायोग असेल. पण रात्रीचे कॉल टाळून बघायला हरकत काय? झोपेने आजवर कुणाचं वाईट केलेलं नाही.

उंबरठा | शनिवार, सकाळी १०:०५

मंगळवारी मी 'नाही म्हणा' लिहिलं होतं. ते मागे घेत नाही, पण पलीकडच्या बाजूने काय हवं असतं ते सांगतो, उपयोग झाला तर बघा.

मला आजाराचं नाव नको असतं. नाव कळलं तर मी रात्री इंटरनेटवर वाचत बसतो आणि सकाळी तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो, खोटं का बोला. मला हव्या असतात तीन गोष्टी. एक, न येण्याचा निरोप सकाळी आठच्या आत, एका ओळीचा, कारणांशिवाय. दोन, तुमचं काम कुठवर आलंय हे तुम्हाला न विचारता कळावं, म्हणजे कुठेतरी रोज लिहून ठेवलेलं असावं. तीन, तुमच्या जागी कोण हे आधीच ठरलेलं असावं, आणि त्या माणसाला त्याचा मोबदला किंवा निदान पद मिळावं. माझ्याकडे ही तिसरी गोष्ट नव्हती. त्या बाई गेल्या त्या यामुळे. गोगलगाय, तुम्ही म्हणालात ते तीन दिवस डोक्यात होतं.

तेव्हा पद स्वीकारताना पहिल्या दिवसापासून उपप्रमुख मागा. आजारामुळे मागतेय असं म्हणू नका. नऊ माणसांच्या टीमला तो असायलाच हवा.

गोगलगाय | शनिवार, सकाळी ११:३०

उंबरठासाहेब, मोजे घालून झाले की तुम्हाला सलाम करतो.

रुमाल | रविवार, सायंकाळी ६:१५

सविस्तर लिहिणार होतो, पण सगळं लिहून झालंय. रुमाल उचलतो.

तळ्यात_मळ्यात | सोमवार, रात्री ९:५०

झालं बोलणं. सगळ्यांना कळवायचं कबूल केलं होतं.

मी म्हटलं, जागा घेते, पण रात्रीचे कॉल नाही. आठवड्यातून एक, तोही साडेनऊच्या आत. आणि पहिल्या दिवसापासून उपप्रमुख, सोमवारच्या बैठकीला आम्ही दोघंही तयार. त्यांनी विचारलं, कॉल का नाही? पाऊलखुणांचं स्मरण करून म्हटलं, वैद्यकीय कारण आहे, हवं तर पत्र देते. अर्धशिशी, बावन्न, अंधार, काही बोलले नाही.

साहेब थोडा वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. उपप्रमुखाला लगेच हो म्हणाले, उलट खूश दिसले. कॉलचं मात्र "वरती विचारावं लागेल" म्हणाले. गुरुवारपर्यंत कळवतील. कॉल नाहीच सुटले तर मी आहे तिथेच राहणार, हे मी घरून ठरवून गेले होते, म्हणून तिथे हात थरथरले नाहीत.

निघताना त्यांनी हळूच विचारलं, "गेल्या वर्षी तू मधे गप्प गप्प असायचीस, ते हेच का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मला वाटलं माझ्यावर रागावली आहेस."

घड्याळजी | सोमवार, रात्री ९:५८

वर्षभर बिचारे साखर तपासत बसले असतील.

खडूफळा | सोमवार, रात्री १०:०७

गुरुवारी कॉल आणि डॉक्टर, दोन्हीचं कळव गं. आणि आता तरी वहीत लिहायला लाग, नवऱ्याच्या फोनवर विसंबू नकोस.

तळ्यात_मळ्यात | सोमवार, रात्री १०:१२

वही आणली आहे. पहिल्या पानावर तारीख टाकली आणि लिहिलं: काही नाही.